कागदाखालची ओळ

त्या रविवारी दुपारी मी माझ्या बायकोला इंग्रजीची एक ओळ काढायला शिकवली. लिहायला नाही. काढायला. रांगोळी काढतात तशी. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. गुरुवारी ती गेली.

सुमन तिचं नाव. चाकणला, महाळुंग्याच्या बाजूला, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत ठेकेदाराकडून हाउसकीपिंगला होती. हाउसकीपिंग म्हणजे संडास-बाथरूम धुणं. इंग्रजी नाव दिलं म्हणून वास जात नाही. हे काम कुठल्या वस्तीतल्या बायकांना मिळतं ते मी सांगायला नको. आम्ही निगडीच्या ओटास्कीममधले. एवढ्यात समजून घ्या.

शनिवारी ठेकेदारानं अकरा बायकांना स्टोअरच्या बोळात ओळीनं उभं केलं होतं. बुधवारी ऑडिट होतं. मागच्या ऑडिटला या गड्यानं अकरा बायकांच्या अकरा कागदांखालची ओळ एकट्यानंच लिहून टाकली होती. ऑडिटर म्हणाला, अकरा माणसांचं अक्षर एकसारखं कसं? कंपनीला ताप झाला. म्हणून या वेळी ज्याची ओळ त्यानं आपल्या हातानं लिहायची. नुसती सही चालणार नाही. अंगठा तर नाहीच.

ओळ अशी. रीड अँड अंडरस्टूड. वाचलं आणि समजलं.

सुमनला मराठीत सही करता यायची, त्यापुढं नाही. बोळात उभं राहून तिनं तीनदा लिहायला घेतलं, तीनदा कागद फाटला. ठेकेदार सगळ्यांसमोर म्हणाला, "मावशे, म्हशीला शिकवलं असतं तर येव्हाना तिनं लिहिलं असतं." बायका हसल्या. ठेकेदार हसला की हसावं लागतं. मग त्यानं प्रत्येकीला तीन पानांचा इंग्रजी कागद दिला. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं नमुना काढून दिलेला. घरी सराव करा म्हणाला. सोमवारी ओळ आली नाही तर गेटावरनं परत.

सुमननं हे मला हसत हसत सांगितलं. म्हशीचं सांगताना सुद्धा हसली. मग पातेलं एवढ्या जोरात खाली ठेवलं की झाकण उडालं.

मी म्हणालो, "आण इकडं. मी शिकवतो."

जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं. फरशीवर बसलो. मी काढायचं, तिनं खाली गिरवायचं.

"ह्यो पहिला कोन?"

"आर."

"कमरेवर हात ठेवून भांडायला हुबी ऱ्हायलेली बाई दिसतीया."

"मग तुला जमंल."

तिनं मला कोपरानं ढोसलं. पुढची अक्षरं चालली. काठी, पोट, वळण. शेवटच्या शब्दात दोन ओ शेजारी शेजारी येतात. ती म्हणाली, या दोन भाकरी. पहिली नीट आली. दुसरी मोठी झाली.

"मोठी झाली," मी म्हणालो.

"ती तुमची."

सातव्या वेळी ओळ आली. वाकडी, पण आली. तिनं पान लांब धरून बघितलं. मग तो तीन पानांचा कागद उचलला, वरून खालपर्यंत बोट फिरवलं आणि विचारलं, "आन् ह्ये वर एवढं काय लिवलंय?"

मी म्हणालो, "वरचं त्यांचं काम. आपलं काम खालचं."

"व्हय. तुमाला म्हाईत," ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

तुमाला म्हाईत. नवऱ्याला सगळं माहीत असतं, असं धरून चालायची ती. मला काय माहीत होतं ते आता सांगतो.

मी चौथी पास. भोसरीला एका प्रेस शॉपमध्ये बत्तीस वर्षं काढली. पत्रा आत सरकवायचा, पायडल दाबायचं, भाग बाहेर. डाव्या हाताचं करंगळीचं पेर तिथंच ठेवून आलो. एक वर्ष कंपनीला कसलंसं सर्टिफिकेट मिळवायचं होतं. बोर्डावर रोज नवा कागद लागायला लागला. प्रत्येकाच्या खाली प्रत्येकानं लिहायचं. मी मराठीत नाव लिहिलं. पर्सोनेल ऑफिसर तिथंच उभा होता. गोरा, गळ्यात टाय, दाढी केल्यावर लावतात त्याचा वास. म्हणाला, "इंग्रजीत! ही कंपनी आहे, ग्रामपंचायत नाही."

मी म्हणालो, येत नाही साहेब.

त्यानं माझं मनगट धरलं. पोराचं धरतात तसं. पेन माझ्या हातात, हात त्याच्या हातात. आख्खी फर्स्ट शिफ्ट बघत होती. मला तेव्हा मिशा होत्या. मुलगी शाळेत जायला लागली होती. आणि माझ्या हाताला धरून एक माणूस मला गिरवायला लावत होता, आणि मोठ्यानं म्हणत होता, "शाब्बास. शाब्बास. अजून एक काठी." चाळीस माणसं फिदीफिदी हसत होती. काम झाल्यावर त्यानं रुमाल काढला आणि हात पुसला.

ते पुसणं मी विसरलो नाही. पण त्याचा राग करायच्या जागी मी काय केलं? ती ओळ शिकलो. जेवणाच्या सुट्टीत खोक्याच्या पुठ्ठ्यावर खडूनं गिरवायचो. आठ दिवसांत आली. माझी ओळ ऑफिसरपेक्षा सरळ यायची. मग बाकीचे माझ्याकडं यायला लागले. मला शिकव, मला शिकव. मी वीस-पंचवीस जणांना शिकवली. माणसं मला मास्तर म्हणायला लागली. चौथी पास माणसाला मास्तर! मला त्याचं भूषण होतं. खोटं कशाला बोलू.

त्यातल्या एका कागदानं आमची चहाची दहा मिनिटं गेली. चार वाजता चहावाला आला नाही म्हणून आम्ही विचारायला गेलो तेव्हा कळलं. ऑफिसरनं फाइल उघडून दाखवली. "काय लिहिलंय खाली? वाचलं आणि समजलं. हे बघ, पहिलं तुझंच आहे." माझंच होतं. सगळ्यांत सरळ.

तेव्हा मला त्या ओळीचा अर्थ पहिल्यांदा कळला. कळला, आणि पुढच्या आठवड्यात बोर्डावर नवा कागद लागला तेव्हा मी परत तीच लिहिली. रिटायर होईपर्यंत लिहीत होतो. सवय वाईट. कागद समोर आला की डोळे वर जात नाहीत, हात खाली जातो.

म्हणून म्हणतो, सुमनला शिकवताना मला माहीत होतं. अर्थ माहीत होता, चहाची दहा मिनिटं माहीत होती. आमच्या बोळात कॉलेजला जाणारी मुलगी राहते. हाक मारली असती तर पंधरा मिनिटांत तिनं तीन पानं वाचून दाखवली असती. मी हाक मारली नाही. मला मास्तर व्हायचं होतं.

सोमवारी सुमन खूश होऊन आली. ओळ पहिल्या झटक्यात आली म्हणाली. ठेकेदार म्हणाला, मावशी, साहेबीण झाली की.

मंगळवारी दुपारी मंगलचा फोन आला. मंगल म्हणजे सुमनबरोबर कामाला होती ती. "भाऊजी, सुमनताई पडली. लवकर या."

झालं होतं ते असं. फरशीचे डाग काढायला त्यांच्याकडं आधीपासून एक औषध होतं. त्या आठवड्यात नवं एक आलं, तसल्याच निळ्या कॅनमध्ये. कॅनवर सगळं इंग्रजी. दुसऱ्या दिवशी ऑडिट. ठेकेदार म्हणालेला, संडास आरशासारखा पाहिजे. सुमननं जुनं ओतलं, डाग हलेना म्हणून त्याच्यावर नवं ओतलं. दार लावून घेतलेलं होतं, वास बाहेर ऑफिसात येऊ नये असा हुकूम होता म्हणून. दोन औषधं एकत्र झाली आणि गॅस सुटला. मंगलनं दार ढकलून तिला ओढत बाहेर काढलं तेव्हा ती उलट्या करत होती आणि तिला श्वास घेता येत नव्हता.

आधी चाकणच्या दवाखान्यात, मग पिंपरीला मोठ्या हॉस्पिटलात. बुधवारी तिनं मला जवळ बोलावलं. नाकावरचा मास्क बाजूला केला. नर्स ओरडली तरी केला. एकेक शब्द तोडून म्हणाली, "एकावर एक वतलं वो. वतू नगं, आसं कुनी सांगितलंच न्हाई."

गुरुवारी गेली.

ऑडिट बुधवारी झालं. कंपनी पास झाली. हे मला मंगलनं नंतर सांगितलं.

तीन पानांत काय होतं, तेही मग कळलं. बोळातल्या त्या मुलीला मी शेवटी हाक मारलीच. मंगलच्या पिशवीत तसल्या कागदाची झेरॉक्स राहिली होती. मुलगी वाचत गेली आणि दुसऱ्या पानावर थांबली. माझ्याकडं बघेना. मी म्हणालो, वाच. ती म्हणाली, "आजोबा, इथं ठळक अक्षरात आहे. हे औषध दुसऱ्या कशात मिसळू नये. बंद जागेत वापरू नये."

ठळक अक्षरात. आख्खा रविवार तो कागद माझ्या मांडीवर होता.

जलदान विधी झाल्यावर चौथ्या दिवशी कंपनीतून बोलावणं आलं. गाडी पाठवली होती. बत्तीस वर्षांत मला आणायला कुठल्या कंपनीनं गाडी पाठवली नव्हती.

काचेची खोली. थंड. एचआरच्या मॅडम समोर बसलेल्या, वय माझ्या मुलीएवढं. त्याही निगडीच्याच. पण रस्त्याच्या त्या बाजूच्या, प्राधिकरणातल्या बंगल्यांमधल्या. त्यांनीच सांगितलं. "काका, आपण शेजारी की." ठेकेदार भिंतीला टेकून उभा होता. पाणी आलं. चहा आला. मॅडमचा आवाज गोड होता. ऑफिसरसारखं मनगट धरायचे दिवस गेले. आता पाणी देतात.

"काका, फार वाईट झालं. आम्हाला सगळ्यांनाच धक्का बसलाय. एक फॉर्मॅलिटी आहे, ती करून घेऊ."

दोन पानं माझ्यापुढं सरकवली. इंग्रजी. खाली रिकामी जागा. पेन.

"इथं लिहायचं आणि सही. काय लिहायचं ते तुम्हाला येतं म्हणे. आमच्या ठेकेदारांनी सांगितलं. काकूंना तुम्हीच शिकवलंत ना?"

मग त्यांनी फाइलीतून दुसरा कागद काढला आणि माझ्याकडं फिरवला. सुमनचा. तो तीन पानांचा. शेवटच्या पानावर, खाली, ओळ.

"हे काकूंचंच अक्षर ना? तेवढं सांगा."

कमरेवर हात ठेवून उभी बाई. दोन भाकरी. एक मोठी.

मी हो म्हणालो. मॅडमनी माझ्या हो वर पेन्सिलीनं खूण केली.

आणि आता जे सांगतो त्याची लाज मला मरेपर्यंत राहणार आहे. मी पेन उचलला. हात खाली गेला. कोणी धरलं नव्हतं मनगट. आपण होऊन गेला. लिहिताना मी तोंडानं पुटपुटतो, पहिल्यापासूनची खोड. "रीड..."

मॅडम हसल्या. वाईट हसल्या नाहीत, लहान पोराचं कौतुक करतात तशा हसल्या. "काका, रीड नाही हं. लिहायचं तसंच, पण म्हणायचं रेड. वाचलं, झालं, म्हणून रेड."

ठेकेदार म्हणाला, "मास्तरलाच मास्तर भेटला."

माझ्या बायकोला जाळून पंधरा दिवस झाले नव्हते. आणि मला बोलायचं कसं ते शिकवत होते. पहिला शब्द कागदावर झाला होता. शाई ओली होती. वाचलं, झालं, म्हणून रेड. मॅडम बरोबर सांगत होत्या. अगदी बरोबर. मी पेन थांबवला.

"मॅडम, हे वाचून झाल्यावर लिहितात ना?"

"हो काका."

"मग मी काय वाचलं?"

मॅडमनी कागदाची कड सरळ केली.

"स्टँडर्ड फॉरमॅट आहे," मॅडम म्हणाल्या. "विशेष काही नाही त्यात."

"विशेष न्हाई तर वाचायला किती वेळ लागंल? वाचून दाखवा. मराठीत."

"काका, थोडक्यात सांगते..."

"थोडक्यात नगं. हाय तसं."

मॅडमनी ठेकेदाराकडं बघितलं. ठेकेदारानं मोबाइल काढला. मग मॅडमनी कागद उलटा ओढून घेतला आणि एकेक वाक्य मराठीत सांगायला लागल्या. थांबत थांबत. कडवट गोळी चघळल्यासारखं तोंड करून. कामगार महिलेला नव्या रसायनाचं प्रशिक्षण देण्यात आलं होतं. तिला तिच्या मातृभाषेत सर्व धोके समजावून सांगण्यात आले होते. तिने ते समजल्याचं स्वतःच्या हस्ताक्षरात मान्य केलं होतं. असं असूनही तिने निष्काळजीपणे...

"थांबा," मी म्हणालो. "मातृभाषेत कोणी सांगितलं?"

"ठेकेदारांनी."

"कधी?"

ठेकेदार मोबाइलवर बोट फिरवत राहिला. मी त्याला म्हणालो, "म्हशीच्या भाषेत सांगितलं का?" त्याचं बोट थांबलं. वर बघितलं नाही.

मॅडमनी पुढचं भराभर वाचलं. तिने निष्काळजीपणे दोन रसायने एकत्र केली. तिला आधीपासून दम्याचा त्रास होता. तिच्या पतीची कुणाविरुद्ध तक्रार नाही.

सुमनला दमा नव्हता. चाळीस वर्षं तिच्या शेजारी झोपलो आहे.

मी कागद माझ्याकडं ओढला. जो एक शब्द लिहिला होता त्याच्यावर आडवी रेघ मारली आणि पेन टेबलावर ठेवला. मॅडमचा आवाज तरी गोडच. "काका, भावनेच्या भरात काही करू नका. घरी जा, विचार करा. उद्या दहा वाजता परत या. आणि हे बघा, काकूंनी लिहिलंच आहे. तुम्ही लिहिलं नाही म्हणून ते काही पुसलं जाणार नाही."

खरं होतं ते. सगळ्यांत जास्त तेच लागलं.

बाहेर पॅसेजमध्ये ठेकेदारानं गाठलं. या वेळी मोबाइल खिशात. "हे बघ मामा, तू उद्या सही दिली नाहीस तर कंपनी माझं कॉन्ट्रॅक्ट काढणार. माझं काय, मी दुसरीकडं बघीन. दहा बायका घरी बसतील. तुझ्यामुळं. त्यांना जाऊन सांग मग तुझी इंग्रजी."

जाताना गाडी दिली नाही. बसनं आलो.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला मंगल आली. थेट कामावरून, पिशवी खांद्याला. दारात चप्पल काढली आणि सुमनच्या फोटोकडं न बघता बसली. चहा नको म्हणाली. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"भाऊजी, काय ठरवलं?"

"काय ठरवायचं?"

"सही द्या म्हनायला आली मी. शिव्या द्या पायजे तर. पन सुमनताई परत न्हाई यायची. आमी दहाजनी हाओत. माझ्या नवऱ्याचं तुमाला म्हाईत हाय, पाठीचं हाड मोडल्यापासून घरीच."

शिव्या कुणाला देणार? हीच मंगल. हिनंच दार ढकललं होतं. तिचा स्वतःचा घसा अजून बसलेला होता, बोलताना फाटत होता.

मग तिनं पिशवीतून कागद काढला. घडी घातलेला. उलगडून माझ्यापुढं फरशीवर ठेवला. तीन पानं. शेवटच्या पानावर पेन्सिलीचा नमुना.

"ह्ये नवीन दिलंय सगळ्यांना. तारीख मागची घालायची म्हनलाय. त्या सोमवारी माझी ओळ त्यानंच हात धरून लिवून घेतली व्हती. आता म्हनतो आपआपली लिवा. उद्या द्यायचंय." ती अडखळली. "सुमनताई म्हनायची, आमचे हे लई झ्याक शिकवत्यात. मला शिकवता का?"

मी त्या कागदाकडं बघत राहिलो. मी शिकवून शिकवून ही ओळ कुठपर्यंत आणली होती.

"मंगल, ह्याच्या वर काय लिहिलंय?"

"मला काय म्हाईत? वरचं त्यांचं."

भिंतीला टेकलो. मग तिला सांगितलं. रविवारचं सगळं. सुमननं वर बोट फिरवून विचारलं होतं ते, आणि मी काय उत्तर दिलं ते. माझ्या मुलीला सुद्धा सांगितलं नव्हतं. आधी मंगलला सांगितलं.

तिनं ऐकलं. मग माझ्याकडं सरळ बघितलं. "म्हंजी तुमीच मारली म्हनायची का?"

"माझा बी हात हाय त्यात."

"असं कसं बोलता वो..." म्हणाली आणि थांबली. नाही कसं म्हणणार?

मी म्हणालो, "ती तीन पानं वाचायचा तिनं हट्ट केला असता तर ठेकेदारानं तिला गेटावरनं परत पाठवली असती. परत आली असती. घरी आली असती, मंगल."

मंगल रडली नाही. नाक ओढलं, कागद उचलला, जुन्या घड्यांवरच परत घडी घातली. "मंग मी काय करू? उद्या द्यायचाय."

"मला माहीत नाही. मी कुणाचा मास्तर नाही."

"तुमचं सोपं हाय," ती दारात म्हणाली. "तुमचं जायचं ते गेलं."

ती रागानंच गेली. तिचं बरोबर होतं. तिचं बरोबर असल्यानं माझं चूक होत नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं. दहा बायकांच्या पोटाची भीती घालून अकराव्या बाईला गुन्हेगार करायचं, आणि लिहून घ्यायचं तिच्याच नवऱ्याच्या हातून. वर ते शुद्ध पाहिजे. अक्षर न चुकता. इतकी वर्षं त्यांनी आमच्या ओळी तपासल्या. काठी सरळ आहे का, शब्द तुटला का, अक्षर प्रत्येकाचं वेगळं आहे का. वाचलं का, हे एकानं विचारलं नाही. समजलं का, हे तर नाहीच. इंग्रजीतली ही ओळ कधी वापरायची याचा नियम मला साहेबानं शिकवला होता: कागद लागला की लिहायची. तो नियम खोटा. ती साक्ष आहे. कोर्टात हात वर करून देतात तसली. आणि मी आयुष्यभर खोटी साक्ष देत आलो, वीस-पंचवीस माणसांना द्यायला शिकवली, आणि शेवटची माझ्या घरात शिकवली.

सकाळी दहाला मी काचेच्या खोलीत होतो. येताना मंगल पॅसेज पुसताना दिसली. मान वर केली नाही तिनं. कागद दिला की नाही ते मला माहीत नाही, मी विचारणारही नाही.

मॅडमनी नवी दोन पानं तयार ठेवली होती. "बसा काका. मला वाटलंच तुम्ही याल."

मी बसलो. पेन घेतला. खालच्या जागेत लिहिलं. मराठीत. माझं मराठी अक्षर वाईट आहे, त्याचा सराव कुणी करून घेतला नाही. लिहायला दहा मिनिटं लागली. मॅडम आधी मोबाइल बघत होत्या, मग वाकून बघायला लागल्या.

मी लिहिलं ते असं:

'मला इंग्रजी वाचता येत नाही. माझ्या बायकोला येत नव्हतं. या कागदावर काय आहे ते काल मॅडमनी मराठीत सांगितलं. ते खोटं आहे. तिला औषधाबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं. तिला दमा नव्हता. तिची चूक नाही. तिच्या कागदाखालची इंग्रजी ओळ मी शिकवली, अर्थ न सांगता. माझी तक्रार आहे.'

खाली नाव. बापाच्या नावासकट, आडनावासकट.

मॅडम उभ्या राहिल्या. "काका, हे काय केलंत? इथं असं नाही लिहायचं. फॉरमॅट खराब झाला ना."

"मग दुसरा छापा."

"आणि नीट लिहाल?"

"हेच लिहीन. अजून नीट अक्षरात."

त्यांनी ठेकेदाराला फोन लावला. तो आला. माझ्या खांद्यावर हात ठेवायला गेला, मी तो बाजूला केला. प्रिंटरमधून नवी दोन पानं निघाली. मी परत लिहिलं, सगळं, एक शब्द कमी न करता. ठेकेदारानं ती पानं फाडली. मॅडम म्हणाल्या, अहो, निदान त्यांच्यासमोर फाडू नका. मी म्हणालो, फाडू द्या. मला पाठ झालंय.

प्रिंटर तिसऱ्यांदा सुरू झाला. मी पेनाला टोपण लावलं नाही.